गच्चीवरची भाजी आणि शेजारच्या वाटण्या : सोसायटीतील सामूहिक बागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांमध्ये गच्चीवर, आवारात किंवा खिडकीत भाजी लावून ती आपसांत वाटून घेण्याची कल्पना निघाली, की पहिल्या बैठकीतच जे प्रश्न पुढे येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. रोपे कशी वाढवावीत याची माहिती सर्वत्र मिळते. म्हणून वाटणीचे, परवानगीचे आणि कुरबुरींचे प्रश्न आम्ही अधिक विस्ताराने घेतले आहेत.

भाजी लावल्याने शेजारी जवळ येतात, हे म्हणणे जरा जास्तच आशावादी नाही का?

नुसती भाजी लावल्याने येत नाहीत. दहा घरांनी आपापल्या बाल्कनीत आपापल्या कुंड्या ठेवल्या, तर तो दहा जणांचा दहा ठिकाणी चाललेला छंद होतो आणि त्यात वावगे काही नसले तरी त्यातून ओळख वाढत नाही. माणसे जोडली जातात ती भाजी तयार झाल्यावर, कारण ती टिकत नाही आणि आपल्या सोयीने येत नाही. दुधीचा वेल पंधरा दिवस काहीच देत नाही आणि मग एकाच आठवड्यात तीन दुधी देतो. घरातील माणसे दोन आणि समोर तीन दुधी अशी स्थिती झाली, की शेजारची बेल वाजवण्याला कारण मिळते.

असे कारण या शहरात मुद्दाम शोधावे लागते. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसवले गेले. गावठाणांतील आगरी-कोळी कुटुंबे सोडली, तर येथील बहुतेक रहिवासी कोकणातून, घाटावरून, खानदेश-मराठवाड्यातून किंवा परप्रांतातून आलेले आहेत आणि चाळीत पिढ्यान्‌पिढ्यांची जी ओळख आयती मिळते ती त्यांना येथे मिळालेली नाही. मात्र शेजारून आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, हा रिवाज बहुतेकांनी गावाकडून सोबत आणलेला आहे. पहिली वाटी गेली की दुसरी परत येतेच. पहिली जावी एवढीच व्यवस्था करायची असते.

घरची भाजी भागेल एवढे उत्पादन मिळते का?

नाही, आणि तसे आश्वासन देऊन कोणालाही यात ओढू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. चौघांच्या कुटुंबासाठी ही गरज महिन्याला ४८ किलोपर्यंत जाते. वीस-पंचवीस कुंड्यांमधून त्याचा लहानसा अंशच निघेल, आणि तुर्भ्याच्या बाजार समितीतून येणारी भाजी काही थांबणार नाही. पैशांची बचत हा हेतू धरून आलेली मंडळी तिसऱ्या महिन्यात हिशेब मांडतात आणि गळतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, अळू, मिरच्या आणि पालेभाज्या यांच्या बाबतीत मात्र बाजारातील खरेदी खरोखर कमी होते.

मग इतक्या थोड्या भाजीची वाटणी करायची तरी कशी?

येथे भिशीची पद्धत सर्वांत उपयोगी पडते. भेंडीच्या चार रोपांवरून एका तोडणीला चार-पाच भेंड्या निघतात. तेवढ्यात एका घराची भाजी होत नाही, साठवली तर आधीची सुकते आणि झाडावर ठेवली तर निबर होते. पण दहा घरांच्या भेंड्या एकाच टोपलीत जमा केल्या, तर पाऊण किलोच्या आसपास माल होतो आणि ती पूर्ण टोपली त्या दिवशी एकाच घराला देता येते. भेंडीची तोडणी एक दिवसाआड होत असल्याने प्रत्येक घराचा क्रमांक साधारण वीस दिवसांनी येतो, आणि त्या दिवशी त्या घरात खऱ्या अर्थाने घरची भाजी शिजते. प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन भेंड्या ठेवणारी समान वाटणी कागदावर न्याय्य दिसते, पण तिचा उपयोग कोणालाच होत नाही.

भिशीचे नियम थोडके असावेत. क्रम आधी ठरवून जिन्यापाशी लावावा. कोणी बाहेरगावी असल्यास त्याने आपला क्रमांक दुसऱ्याशी बदलून घ्यावा. कमी निघाले तरी त्या दिवसाची टोपली ज्याची त्याचीच राहावी, त्याबद्दल भरपाई मागू नये. कढीपत्ता, पानओवा, पुदिना, तुळस यांसारखी चिमूटभर लागणारी पाने भिशीत धरू नयेत, ती ज्याला हवी त्याने हवी तेव्हा खुडावीत. टोपलीत काय आले आणि ती कोणाकडे गेली याची नोंद एका वहीत ठेवली, तर वर्षअखेरीस कोणत्या जागी कोणते पीक चांगले येते हेही आपोआप कळते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जे जाळे उभे केले, त्यात प्रत्येकाने आपल्या जागेवर प्रयोग करून आपली निरीक्षणे इतरांपुढे ठेवावीत अशी रीत होती. सोसायटीतील वहीला तोच उपयोग आहे, फक्त तिच्यात भाजी कोणी किती नेली यावरून वाद उकरून काढणारी माणसे शिरू देऊ नयेत.

सोसायटीची गच्ची वापरण्यासाठी कोणाची परवानगी लागते?

गच्ची ही सहकारी गृहनिर्माण संस्थेची सामाईक मालमत्ता असते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा तिच्यावर वेगळा हक्क नसतो आणि बागेची हौस असलेल्यांचाही नसतो. त्यामुळे अध्यक्षांनी तोंडी दिलेल्या होकारावर काम सुरू न करता सर्वसाधारण सभेत विषय मांडून ठराव करून घ्यावा. ठरावात बागेची जागा, पाण्याची जोडणी, गळती आढळल्यास कुंड्या हलवण्याची जबाबदारी आणि एका वर्षाने पुनर्विचार, एवढे मुद्दे आले तर पुढची निम्मी भांडणे टळतात. जिना, दरवाजा, पाण्याच्या टाक्या आणि सौरपट्ट्या यांच्याकडे जाणारी वाट मोकळीच राहिली पाहिजे. आगीच्या प्रसंगी गच्चीवर यावे लागू शकते, ही गोष्ट कोथिंबिरीपेक्षा महत्त्वाची आहे.

गच्चीला एवढे वजन सोसेल का, आणि खाली गळती झाली तर?

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे, आणि बागप्रेमी मंडळी तो नेमका हसण्यावारी नेतात. भारतीय मानक ८७५ नुसार, ये-जा असलेल्या सपाट छताच्या आराखड्यात प्रति चौरस मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो चल भार (माणसे, सामान अशा बदलत्या वस्तूंचे वजन) धरलेला असतो. साध्या बागमातीचा एक फूट खोलीचा वाफा केला, तर पावसात भिजल्यावर त्याचे वजन प्रति चौरस मीटर ५०० किलोच्या घरात जाते. म्हणजे गच्चीवर विटा रचून मातीचे वाफे करणे हे सरळसरळ चुकीचे आहे. बारा इंची कुंडीत साधी माती भरली, तर तीही भिजल्यावर तीस किलोपर्यंत जाते, आणि अशा नऊ-दहा कुंड्या एका चौरस मीटरमध्ये दाटीवाटीने बसतात.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे कुंडीत माती कमी ठेवून सुका पालापाचोळा, कोकोपीट आणि घरचे कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरणे. दुसरा म्हणजे कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता भिंतीच्या कडेने, बीम व कॉलमच्या वर, विरळ ठेवणे. तरीही अंतिम शब्द संस्थेच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर ३ वर्षांनी करायचे असते. वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर येथील सुरुवातीच्या अनेक इमारती आता दुसऱ्या गटात मोडतात. ऑडिट प्रलंबित असेल, तर आधी ते करावे आणि तोवर बाग खिडक्यांमध्येच ठेवावी.

गळतीचे म्हणाल, तर कुंड्यांमुळे चांगल्या वॉटरप्रूफिंगला भोक पडत नाही, पण कुंडी थेट लादीवर टेकलेली असली तर तिच्याखाली ओल धरून राहते, आधीच असलेली फट रुंदावते आणि मुळे तिच्यात शिरतात. त्यासाठी प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर चार इंच उंच असावी. येथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. वाळक्या पानांनी पाणी जाण्याची जाळी तुंबली, तर एका रात्रीत गच्चीचे तळे होते. जूनपासून जाळी साफ करण्याची पाळी लावणे हे बियाणे आणण्याइतकेच आवश्यक काम आहे.

गच्ची मिळाली नाही तर?

खिडकीच्या जाळीत आणि जिन्यालगतच्या उजेडात पालेभाज्या येतात. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवे असते, पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते. तळमजल्यावरील मोकळी जमीन उपलब्ध असल्यास थोडे खणून पाहावे. खाडीलगतच्या अनेक भागांत वरची माती भरावाची असते, तिच्यात राडारोडा आणि काही ठिकाणी क्षार निघतात. तेथे जमिनीतच पेरण्यापेक्षा जमिनीवर वाफा उंच करून घेणे बरे.

कोणत्या हंगामात काय लावावे?

पावसाच्या सुरुवातीला भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, कारले, अळू आणि वाल लावावेत. पाऊस ओसरल्यावर टोमॅटो, वांगी, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर येतात. उन्हाळ्यात चवळी, गवार, लाल माठ आणि मायाळू तग धरतात. जुलैच्या मुसळधार पावसात कोथिंबीर पेरू नये, ती कुजते. नव्या गटाने लाल माठ किंवा मेथी यांपासून आरंभ करावा, कारण दोन्ही चार आठवड्यांत कापणीला येतात आणि एवढ्या काळात कोणाचा उत्साह मावळत नाही.

बियाण्यांची देवघेव गावठी वाणांचीच करावी. संकरित बियाण्याच्या फळातील बी दुसऱ्या वर्षी तशीच फळे देईल याची खात्री नसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी वालाच्या किंवा दुधीच्या बियांची पुडी वाण म्हणून दिली, तर ती निदान कपाटात पडून राहत नाही.

खत कोठून आणायचे? सोसायटीत कंपोस्ट केले तर दुर्गंधी येईल ना?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ५,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्राच्या गृहसंकुलांनी कचरा वेगळा करून ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणे अपेक्षित होते. तेव्हा कंपोस्ट हा केवळ हौशीचा भाग नाही. ओल्या कचऱ्याच्या दीड-दोन पट आकारमानाचा सुका पालापाचोळा त्यात मिसळला आणि आठवड्यातून दोनदा वरखाली केले, तर दुर्गंधी येत नाही आणि दोन महिन्यांत खत तयार होते. घाण वास येतो तो ओल जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. पर्जन्यवृक्ष आणि बदाम यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर भरपूर गळतात, ती जाळू न देता पोत्यांत भरून पावसाळ्यासाठी ठेवावीत. उंदीर येऊ नयेत म्हणून शिजवलेले अन्न, मासळीचे काटे आणि हाडे या खतात टाकू नयेत.

डासांची तक्रार आली आहे. काय उत्तर द्यावे?

तक्रार खरी धरून आधी कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाकाव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, बादल्या, झाऱ्या आणि थाळ्या पूर्ण कोरड्या केल्या तर ही साखळी तुटते. तक्रार करणाऱ्यालाच त्या दिवशी पाहणीला बोलवावे. तो बहुधा दुसऱ्या वेळी येत नाही, पण आला तर चांगला निरीक्षक मिळतो.

ज्यांनी एक दिवसही पाणी घातले नाही, त्यांना वाटा का द्यावा?

प्रत्येक गटात हा प्रश्न येतो आणि गट मोडतो तो बहुतेक वेळा याच प्रश्नावर. आमचे मत असे आहे की कष्टाचा हिशेब फार बारकाईने ठेवू नये, पण तो अजिबात ठेवायचा नाही असेही करू नये. गुडघे दुखत असल्यामुळे गच्चीपर्यंत चढू न शकणाऱ्या आजी खुडलेला माठ निवडून देऊ शकतात. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिकेला रोज पाणी घालणे जमणार नाही, पण तिच्या घरातील भाज्यांच्या साली नियमितपणे खतात येत असतील तर तीही भागीदारच आहे. कामाची व्याख्या अशी रुंद केली, तर खरोखर काहीच न करणारी घरे फार थोडी उरतात. त्यांना भिशीच्या क्रमात घेऊ नये, मात्र जास्तीचा माल निघेल तेव्हा त्यांच्याही दारी एक जुडी जावी. सभेत याच घरांकडून बागेला विरोध होण्याची शक्यता असते, त्यामुळे जुडी पाठवणे हा निव्वळ मोठेपणा नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

कोणी न विचारता तोडून नेले तर?

कॅमेरा लावू नये. वाटेच्या कडेला कढीपत्ता, मिरच्या, पुदिना असे कोणीही घ्यावे असे काही लावून तसा फलक ठेवावा आणि भिशीची पिके आतल्या बाजूस ठेवावीत. मुले काकडी खातात, ती खाऊ द्यावी.

शिजवलेले अन्न एकत्र जेवायचे ठरवल्यास कोणती काळजी घ्यावी?

एका मजल्यावर सारस्वत, जैन, आगरी आणि मल्याळी कुटुंबे राहत असतील, तर सर्वांसाठी एकच स्वयंपाक करण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा, भांड्यापुढे चिठ्ठी ठेवून त्यात कांदा, लसूण, शेंगदाणे, दूध, अंडे किंवा मासे आहेत का ते लिहावे आणि प्रत्येक भांड्याचा डाव वेगळा असावा. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची मेजे वेगळी मांडली, तर संकोच राहत नाही. कोणी केवळ शेजारी बसून आपल्या डब्यातले जेवले, तरी त्याला त्यावरून टोकू नये.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणूंच्या वाढीला पोषक ठरते. आपल्याकडील दमट हवेत ते दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. भात, ओल्या नारळाचे वाटण आणि दुधाचे पदार्थ यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी कोणाला तरी देण्यापेक्षा जेवण संपता संपता लगेच डबे भरून द्यावे.

एकत्र जेवणासाठी कोणते दिवस निवडावेत?

ऋषिपंचमीसारखा दुसरा दिवस नाही. बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी खायचे नाही, असा संकेत असल्याने नांगरलेल्या शेतातील भाजी त्या दिवशी चालत नाही आणि परसात हाताने लावलेली भाजी शोधावी लागते. बाजारातील गाडीवरून घेतलेल्या भाज्यांनी हा संकेत कितपत पाळला जातो कोणास ठाऊक, पण खुरप्याने उकरलेल्या कुंडीतील अळू, माठ, भेंडी, दोडका, मक्याचे कणीस आणि लाल भोपळा त्यात अगदी नेमके बसतात. एका कुटुंबाकडे हे सगळे पीक कधीच नसते. कोणाचे अळू, कोणाचा दोडका, कोणाची चार कणसे अशी ऋषीची भाजी दहा घरांतून गोळा होऊनच पातेल्यात पडते, आणि तेल-मसाल्याविना होत असल्यामुळे ती बहुतेकांच्या पथ्यात बसते. भेंडीला पहिल्या तोडणीपर्यंत सुमारे ४५ ते ५० दिवस लागतात, त्यामुळे गणपतीची तारीख पाहून पेरणीचा दिवस मागे मोजावा.

जानेवारीत भोगीची मिसळीची भाजी आणि बाजरीची भाकरी असते. हिवाळ्यात पनवेल-उरण पट्ट्यात आणि रायगडमध्ये पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा आणि मीठ भरून, पाणी न घालता, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करतात. कोंबडी व अंडी घातलेले मडके वेगळे लावता येते. सोसायटीच्या आवारात जाळ करणे योग्य नाही. एखाद्या रहिवाशाचे गावाकडे घर किंवा वाडी असल्यास तेथे सर्वांनी जावे, आणि पोपटी लावण्याची सूत्रे ज्यांची ही परंपरा आहे त्या आगरी मंडळींच्या हाती सोपवावीत.

सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या ताई आणि सफाई कर्मचारी यांना यात कसे सामावून घ्यावे?

त्यांच्यापैकी अनेकजण शेती सोडून शहरात आलेले असतात आणि मावा ही कीड पडलेल्या पानाकडे पाहून काय करावे हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते. त्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण त्यांच्या पगारात न बसणारे पाणी घालण्याचे काम ‘तुम्ही इथेच असता ना’ म्हणून त्यांच्यावर ढकलू नये. काम द्यायचे असेल तर त्याचा वेगळा मोबदला ठरवावा. भिशीच्या क्रमात त्यांचेही नाव असावे आणि त्यांच्या वाट्याची टोपली इतरांइतकीच भरलेली असावी. उरलेसुरले त्यांना द्यायचे, ही सवय या बागेत तरी नको.

जास्तीची भाजी विकून सोसायटीसाठी निधी उभारता येईल का?

येईल, पण आम्ही तसा सल्ला देणार नाही. दर ठरला की मोजमाप आले, मोजमाप आले की कोणाच्या कुंडीतून किती गेले हा हिशेब आला, आणि लोणची-पापडांसारखे पदार्थ नियमित विकायचे ठरवले तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही आली. निधी हवा असल्यास वर्गणी काढावी.

मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी सोसायटी गावी जाते. तेव्हा पाणी कोण घालणार?

जो मागे राहतो तो. त्या काळातील सगळी तोडणी, भिशीचा क्रम बाजूला ठेवून, त्याचीच समजावी. जाणाऱ्याने कुंड्या सावलीच्या बाजूला एकत्र लावून मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा, म्हणजे पाणी एक दिवसाआड घातले तरी चालते. गावाहून येताना मागे राहिलेल्यासाठी कोकम, कुळथाचे पीठ किंवा जे काही तिकडे पिकते ते आणावे, आणि त्याच्याकडे ठेवलेली घराची चावी परत घेण्यासाठी त्याच्या दारी स्वतः जावे, वॉचमनकडे ठेवायला सांगू नये.